ज्ञानेश्वरीतली कुंडलिनी आणि आपलं जागरण

तंत्र म्हटलं की आपल्याला लिंबू, कवटी आणि स्मशान आठवतं. पण चितेगाववरून पैठणला जाणाऱ्या आपल्या रस्त्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर नाथपंथी. त्यांचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गहिनीनाथ, मग गोरक्षनाथ, मग मत्स्येंद्रनाथ. याच मत्स्येंद्रनाथांना काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी 'तंत्रालोका'त वंदन केलंय.

१२९० साली नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळ, उड्डियान, जालंधर हे तीन बंध येतात आणि वेटोळं घालून झोपलेली कुंडलिनी जागी होते. गंमत म्हणजे मूळ गीतेत कुंडलिनी हा शब्दच नाही! ज्ञानेश्वरांनी तो नाथपंथातून आणला आणि या मार्गाला 'पंथराज' म्हटलं. पण जरा पुढेच अट आहे: खाणं, झोपणं, जागणं, काम, सगळं मापात.

आमच्या एका मित्राने हे पान वगळलं. सबमिशनच्या आठवड्यात, दोन तासांच्या झोपेवर त्याने श्वास कोंडला. चक्कर आली, तर म्हणे शक्ती जागी झाली! मेसच्या काकांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

करायचंच तर 'विज्ञानभैरव' या तंत्रग्रंथातल्या ११२ धारणांपैकी पहिली करा. श्वास आत जाऊन जिथे वळतो आणि बाहेर जाऊन जिथे वळतो, तिथे लक्ष ठेवायचं. कोंडायचं नाही, नुसतं बघायचं. पाचव्या श्वासाला मन व्हायव्हात पोचतं. अर्जुनाचीही हीच तक्रार होती, व्हायवा सोडून.