माळ्यासाठी हेड नाही

बागेसाठी पालिकेकडे काही मागायचं असेल तर मार्चमध्ये मागू नका. मार्चमध्ये वर्तमानपत्रांत मथळे येतात, ठाण्याचं अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या वर, कल्याण-डोंबिवलीचं तीन हजार कोटींच्या वर. सकाळी चालायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, एवढ्या पैशात आपल्या बागेतला तुटका झोपाळा सहज दुरुस्त होईल. होऊही शकतो. पण त्या आकड्यांमागच्या याद्या दिवाळीच्या आगेमागेच तयार व्हायला लागतात. प्रत्येक खातं आपली मागणी लेखा विभागाकडे पाठवतं, तिथे काटछाट होते, मग आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती दुरुस्त्या सुचवते आणि मग महासभेत चर्चा होते. कराचे दर तर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, कायद्यातच ती तारीख आहे. आमचा गट पहिलं पत्र घेऊन गेला तेव्हा होळी होऊन गेली होती. आवक-जावक टेबलावरच्या मुलाने शिक्का मारला, आणि आम्ही काम फत्ते झाल्यासारख्या चहा प्यायला गेलो.

आमची बाग ठाण्यापासून कल्याणच्या पलीकडे जाणाऱ्या लोकलच्या पट्ट्यातली. नेमकी कुठली ते सांगत नाही. ज्यांच्याशी वाद घातले त्यांतले काही जण आता भेटले की 'काकू, पाणी आलं का बागेत?' असं आपणहून विचारतात. पुढचं सगळं सांगतेय ते कुणावर बोट दाखवायला नाही.

बाग लहानच. चार आसूपालव, एक जुनं बकुळीचं झाड, मुलांसाठी घसरगुंडी आणि एक माळीकाका. काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. नळाला पाणी येत होतं, पण ते झाडांना घालणारं कोणी नव्हतं. आम्ही पत्रात बागेची दुरवस्था लिहिली, फोटो जोडले, सुधारणा करावी अशी विनंती केली. पुढच्या वर्षी सुधारणा आली. कमान आली, रंगीत दिवे आले, ओपन जिम आली, फायबरचा एक जिराफ आला, कारंजं आलं. मातीच्या पायवाटेवर पेव्हर ब्लॉक बसले, बकुळीच्या बुंध्याला अगदी चिकटून. नारळ फुटला, नावांची कोनशिला लागली. माळी आला नाही.

पहिल्या उन्हाळ्यात हिरवळ गेली. कारंज्याचा पंप बंद पडला. जिराफाची मान मोडली, ती मात्र मुलांनी मोडली, त्यात पालिकेचा काही दोष नाही. आम्ही पुन्हा कार्यालयात गेलो तेव्हा एका तरुण कनिष्ठ अभियंत्याने खरं ते सांगितलं. 'काकू, कमान मागा, मिळेल. माळी मागू नका. माळ्यासाठी हेड नाही.'

त्या वेळी राग आला होता. आज वाटतं, सगळ्या धावपळीत मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती तीच होती.

हेड म्हणजे लेखाशीर्ष. अंदाजपत्रकात ज्याला ओळ नाही त्याच्यावर रुपया खर्च होत नाही. या ओळींचे दोन मोठे ढीग असतात, महसुली आणि भांडवली. नवीन काही उभारायचं असेल तर ते भांडवली. पगार, वीज, पाणी, छाटणी, दुरुस्ती हे सगळं महसुली. भांडवली कामाचं उद्घाटन करता येतं, छाटणीचं कोण करणार? आमदार-खासदार निधीचीही तीच तऱ्हा. त्यातून ओपन जिम बसते, पण तिचे नटबोल्ट वर्षभर आवळणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही.

नवे माळी का भरत नाहीत, याला आणखी एक कारण आहे. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा शासनाचा दंडक आहे, आणि आपल्याकडच्या पालिकांना तो सांभाळताना नाकी नऊ येतात. मग निवृत्त झालेल्याची जागा रिकामी राहते. दुसरीकडे महापालिका अधिनियमात कामांचे दोन वर्ग आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यं, म्हणजे पाणी, गटारं, कचरा, दिवे वगैरे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक. बागा आणि मैदानं या दुसऱ्या गटात बसतात. जकात गेली, मग एलबीटी गेला, २०१७ पासून जीएसटीपोटी येणाऱ्या सरकारी अनुदानावर भिस्त वाढली. वसुली कमी पडली की सुधारित अंदाजाच्या वेळी कात्री आधी ऐच्छिक गोष्टींवर चालते. म्हणून अंदाजपत्रकातली 'तरतूद' बघून हुरळू नका. तरतूद म्हणजे पैसे नव्हेत. त्याच कामावर मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, तो रकाना शेजारीच छापलेला असतो. आधी तो वाचा.

आता कामाचं. पत्र लिहिण्याआधी जागा कोणाची आहे ते बघा. आमच्या ओळखीचा एक गट दोन पावसाळे एका मोकळ्या भूखंडासाठी झगडला आणि शेवटी कळलं की तो गृहसंकुलाच्या आराखड्यातला आरजी प्लॉट आहे. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडावीच लागते. सध्याच्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडाला दहा टक्के. ती जागा त्या संकुलातल्या रहिवाशांच्या वापराची, तिथे पालिका झोपाळा लावणार नाही. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असलेली जागा ही वेगळी गोष्ट. त्यातही ती ताब्यात आली आहे का, हे नगररचना विभागात विचारा. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं उलटली आणि जागा घेतली गेली नाही, तर मूळ मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच उडतं. नकाशावरचा हिरवा रंग बघून गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आरक्षण जागेवर असेल तर मात्र कायदा चांगला भक्कम आहे. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला होता. रुग्णालय चांगली गोष्ट नाही असं नव्हे, पण बागेच्या जागेवर नको.

तिसरा प्रकार विकासकाने बांधून दिलेल्या बागांचा. ठाण्यात कोलशेतला फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलेलं वीस एकरांहून मोठं ग्रँड सेंट्रल पार्क याच वाटेने झालं. तिथे प्रवेशाला तिकीट आहे. तिकिटावरून वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मला वाटतं, एवढ्या मोठ्या बागेला तिकीट एक वेळ चालेल, पण गल्लीतल्या बागेला फाटकावर पैसे लावले तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या मुलाने खेळायचं कुठे?

जागेचा प्रश्न सुटला की वस्तू कोणाची ते विचारा. हे कोणी सांगत नाही. आमची ओपन जिम एका निधीतून आली, दिवे दुसऱ्यातून, कारंजं तिसऱ्यातून. उद्यान विभागाकडे यातलं काहीच रीतसर हस्तांतरित झालेलं नव्हतं. त्यामुळे पंपाची तक्रार केली की विद्युत विभाग उद्यानाकडे बोट दाखवायचा आणि उद्यान विभाग कंत्राटदाराकडे. कंत्राटदाराची दोषदायित्वाची मुदत सरली होती. नवीन काही येत असेल तर नारळ फुटण्याआधीच लेखी विचारा, याची देखभाल कोणत्या विभागाकडे, किती वर्षं आणि कोणत्या लेखाशीर्षातून. उत्तर मिळत नसेल तर ती वस्तू नको म्हणायची हिंमत ठेवा. फुकट मिळतंय म्हणून आम्ही हो म्हणत गेलो आणि नंतर त्या जिराफालाच वळसा घालून चालत राहिलो.

माहितीचा अधिकार वापरा, पण मोजका. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, त्यामुळे तिथे निबंध लिहिता येत नाही. ते बरंच आहे. आम्ही मागितलं ते एवढंच, कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयात जिला एमबी म्हणतात ती, हाती आली की चित्र लख्ख होतं. किती चौरस मीटर ब्लॉक बसले, किती घनमीटर लाल माती पडली, सगळं लिहिलेलं. आमच्याकडे माती लिहिलेली होती, ती कुठे पडली ते आम्हाला दिसेना. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवस. प्रती मागण्याऐवजी फाइल प्रत्यक्ष बघायचीही मुभा कायद्यात आहे. शांतपणे बसून बघितलं की कारकूनही अर्धी गोष्ट तोंडी सांगून टाकतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात गेलो. पत्र एका पानाचं. मागण्या तीन. बागेच्या वार्षिक देखभालीच्या ठेक्यात एक माळी रोज दोन तास, ठेकेदाराच्या बिलावर आमच्या गटातल्या एकीची हजेरीची सही. झाडांच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक एक मीटरपर्यंत काढून माती मोकळी करणं. दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये असाच आदेश दिला होता, त्याचा उल्लेख केला. आणि हिरवळीऐवजी इथल्या हवेची झाडं. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने कोरडे. मे महिन्यात माणसांना पाणीकपात असताना लॉनवर पिण्याचं पाणी मारणं हा शहाणपणा नाही. ताम्हण, करंज, बकुळ एकदा मूळ धरली की फार काही मागत नाहीत. वृक्षांसाठी वेगळी वाट आहे हेही तेव्हाच कळलं. वृक्ष प्राधिकरणाचा निधी स्वतंत्र असतो. मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकराची ओळ आहे की नाही बघा, म्हणजे हे पैसे आपणच भरतो हे पत्रात हक्काने लिहिता येतं.

ब्लॉक निघाले. झाडं मिळाली, त्यांतली निम्मी जगली. माळी ठेक्यातून आला, सहीची अट मात्र मान्य झाली नाही. आम्ही घरच्या वहीत हजेरी मांडायला लागलो आणि त्या वहीची झेरॉक्स दर तिमाहीला देऊन येतो. तिला कायद्याने काही किंमत नसेल, पण बिल काढताना कोणीतरी ती उघडून बघतं एवढं कळलंय.

हे सगळं नागरिकांनी का करायचं, असं माझी मुलगी विचारते. तिचं चुकत नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत आणली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, लहान कामं सुचवायची, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. तिथेही सगळं आलबेल नाही, पण निदान अर्जाचा नमुना आहे आणि तो भरायचा हंगाम ठरलेला आहे. आपल्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांनी जमून कामांचा क्रम सुचवायचा. मी तरी एकाही क्षेत्रसभेला बसलेली नाही. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात, तेही फार थोड्यांना माहीत असतं.

मधल्या काळात विचारायचं तरी कोणाला, हाच प्रश्न होता. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचं राज्य होतं. स्थायी समिती तेच, महासभाही तेच. जानेवारी २०२६ मध्ये दोन्हीकडे निवडणुका झाल्या आणि आता एकेका प्रभागात अनेक नगरसेवक आहेत. यातला धोका असा, की चौघांकडे गेलं तर चार कमानी मिळतील. प्रत्येकाला वेगळं पत्र देऊ नका. एकच पत्र, चौघांना प्रती, आणि कोणाला काय दिलंय ते प्रत्येक प्रतीवर लिहिलेलं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पहिल्या पानावर 'नवीन बांधकाम नको' हे ठळक लिहा, नाहीतर वाचणारा सवयीने ओपन जिम समजतो.

आणि पैसे लागत नाहीत अशी कामं आधी मागा. आमची बाग दुपारी बारा ते चार बंद असायची. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. आसपासच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायका त्या वेळात जिन्यांवर बसून डबा खायच्या. वेळ बदलायला अंदाजपत्रक लागत नाही, निविदा लागत नाही, एका अधिकाऱ्याची सही लागते. ती सही आमच्या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत लवकर मिळाली. आता दुपारी बकुळीखाली बाक रिकामा मिळत नाही, आणि दुसरा बाक हवा म्हणून यंदाच्या पत्रात चौथी मागणी वाढली आहे.