थॅलॅसेमिया : नावात समुद्र कोठून आला?

वैद्यकातील पुष्कळ नावे ग्रीक भाषेतून घडविली आहेत. ग्रीकमध्ये रक्ताला ‘हायमा’ म्हणतात. हिमोग्लोबिन, ॲनिमिया या शब्दांत हाच ‘हायमा’ आहे. ॲनिमियातील ‘अन्’ म्हणजे नाही. आपल्या ‘अनंत’, ‘अनादर’ या शब्दांतील ‘अन्’ही तोच, कारण संस्कृत व ग्रीक या एकाच कुळातील भाषा. ॲनिमियाला आपण रक्तक्षय किंवा पांडुरोग म्हणतो. पांडु म्हणजे फिकट.

आता ‘थॅलॅसेमिया’ पाहा. ‘थालासा’ म्हणजे समुद्र! रक्ताचा आणि समुद्राचा संबंध काय?

१९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे डॉ. थॉमस कूली यांनी मुलांमधील एका तीव्र रक्तक्षयाचे वर्णन केले. तेथे आढळलेले रुग्ण प्रामुख्याने इटालियन व ग्रीक घराण्यांतील होते. म्हणून १९३२ साली व्हिपल आणि ब्रॅडफर्ड यांनी भूमध्य समुद्रावरून हे नाव दिले.

परंतु नावावरून एवढेच कळते, की रोग प्रथम कोणात ओळखला गेला. १९३८ साली तो कलकत्त्यातही आढळला. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी समाजांत त्याचे प्रमाण अधिक असले, तरी तो इतरांतही आढळतो. समुद्रापासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अंथुर्ण्यासारख्या गावानेही ‘हा आपला रोग नव्हे’ असे समजू नये.

खरे कारण जनुकात आहे. बीटा प्रकारात हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. एकाच पालकाकडून सदोष जनुक आले, तर मूल केवळ वाहक होते व बहुधा निरोगी दिसते. मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस मुलाला तीव्र रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यामुळे शरीरात लोह साचते.

वाहकाच्या तांबड्या पेशी लोहाच्या कमतरतेप्रमाणेच लहान असतात. त्यामुळे दोहोंत गल्लत होते. पण लोहाच्या गोळ्यांनी जनुकातील दोष जात नाही. फरक कळतो तो हिमोग्लोबिन ए-२ च्या तपासणीने. बीटा वाहकात त्याचे प्रमाण साधारणतः ३.५ टक्क्यांहून अधिक असते. तेव्हा लग्नापूर्वी, निदान गर्भारपणाच्या आरंभी तरी, ही तपासणी करून घेणे हिताचे.