बूट आणि पाय

इन-प्लांट ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी तारापूर एमआयडीसीत मला सेफ्टी शूज मिळाले. पुढे आत स्टीलची टोपी. 200 जूलचा आघात झेलते, म्हणजे साधारण 20 किलोचे वजन एक मीटरवरून पडले तरी बोटे शाबूत! मग अशाच दणकट लष्करी बुटाला जगभर जुलमाचे चिन्ह का मानतात?

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाच्या बुटाला तळाशी लोखंडी खिळे अन् टाचेला नाल असे. हेतू अगदी आपल्या मेकॅनिकलवाल्यांचा: तळ झिजू नये, पकड राहावी. आवाज हे नुसते बायप्रॉडक्ट. पण दगडी रस्त्यावर तो आवाज माणसाच्या आधी घरात शिरतो, अन् दडपशाही करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. हिटलरच्या सैन्याने तर पाय आपटत चालण्याची जुनी प्रशियन रीत मुद्दाम मिरवली.

आपल्याकडे 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण हुतात्मा झाले. त्यांत नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर अन् सालवडचे सुकूर गोविंद मोरे होते. राज्य इंग्रजांचे, पण पोलीस दलातले साधे शिपाई हिंदीच असत. बूट साहेबाचा, पाय आपला. मला हे जास्त बोचते.

सालवड एमआयडीसीला लागूनच आहे. आमच्या प्लांटमध्ये ट्रेनी म्हणून मला बूट मिळाले. शेजारी ड्रम ढकलणारा कंत्राटी कामगार मात्र स्लिपरवर होता. सुपरवायझरला विचारले तर म्हणाला, "तू रिपोर्ट लिही ना!"

लिहिला. त्यात स्लिपरही लिहिल्या.