बालकांच्या अतिसारावरील लस व तिची परीक्षा

"सहा आठवड्यांच्या लेकरास तुम्ही थेंब पाजावयास सांगतां, पण ते निर्धोक आहेत हें कोणीं पाहिलें?" असा प्रश्न खेड्यांतील आईबाप आमच्या उपदेशकबंधूंस विचारितात. प्रश्न रास्त आहे. त्यांजवर रागावूं नये. परीक्षा कशी झाली तें सांगावें.

रोटाव्हायरस नांवाचा विषाणु तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत वाढतो. वांति व पाण्यासारखे जुलाब होऊन अंगांतील पाणी आटतें, व मूल एक-दोन दिवसांत दगावूंही शकतें. ह्यावरील रोटाशील्ड नांवाची पहिली लस ऑगस्ट १९९८ मध्यें अमेरिकेंत मान्य झाली. तत्पूर्वीच्या परीक्षांत लस घेतलेल्या १०,०५४ बालकांपैकीं ५ जणांस, व न घेतलेल्या ४,६३३ पैकीं एकास, एक चमत्कारिक विकार झाला होता. सदरा काढतांना बाही जशी आपल्याच पोटांत ओढली जाते, तसा आंतड्याचा एक भाग दुसऱ्यांत शिरून अडकतो. पांच आणि एक, एवढ्यावरून दोष लसीचा कीं योगायोगाचा, हें निश्चित ठरेना. पुढें लाखों डोस दिल्यावर तो दिसून आला. जुलै १९९९ मध्यें लस थांबविली व ऑक्टोबरांत परत घेतली. धोका सुमारें दहा हजार बालकांत एकास होता. इतका विरळ दोष थोड्या मुलांत दिसावा तरी कसा? म्हणून पुढील दोन लसींची, रोटाटेक व रोटारिक्स ह्यांची, परीक्षा प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर झाली.

लसीनें शरीर जागें झालें कीं नाहीं, ही परीक्षा निराळी. तीस थोडीं मुलें पुरतात. पहिल्या डोसापूर्वीं व शेवटच्या डोसानंतर सुमारें चार आठवड्यांनीं थोडें रक्त घेऊन त्यांतील प्रतिपिंडें चौपट वाढलीं काय, हें पाहतात. परंतु विषाणु घरोघरीं असल्यामुळें लस न घेतलेल्या मुलांतही तीं वाढतात. ह्यास्तव कांहीं मुलांस औषध नसलेले थेंब देऊन तुलना करावी लागते. शिवाय रक्तांतील वाढ म्हणजे रोगापासून बचाव नव्हे. आजारी किती पडलीं, हें मोजावेंच लागतें.

आपल्या देशांतील रोटाव्हॅक लसीचा विषाणु दिल्लींतील नवजात बालकांत सांपडला. तीं आजारी नव्हतीं, हें विशेष. सन २०११ मध्यें दिल्ली, पुण्याजवळील खेडीं व वेल्लोर येथें ६,७९९ बालकांवर तिची परीक्षा सुरू झाली. ४,५३२ जणांस लस व २,२६७ जणांस नुसते थेंब मिळाले. आईबापांची संमति घेतली होती. कोणास काय मिळालें हें त्यांस वा डॉक्टरांस ठाऊक नव्हतें. आणि जुलाब झालेल्या प्रत्येक मुलावर उपचार झाले. तीव्र रोटाव्हायरस अतिसार निम्म्याहून कांहींसा अधिक टळला. श्रीमंत देशांत अशा लसींचा गुण ह्याहून अधिक येतो, हें लपवूं नये.

पण ६,७९९ हा आंकडाही त्या विरळ विकारासाठीं अपुराच होता. म्हणून २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणांत आल्यावर रुग्णालयांतून पाळत ठेवण्यांत आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासांत रोटाव्हॅकमुळें तो विकार वाढल्याचें आढळलें नाहीं. तथापि तो लस न घेतलेल्या बालकांसही होतो. मूल रहून रहून गुडघे पोटाशीं ओढून किंचाळूं लागलें, ओकूं लागलें, किंवा शौचांत रक्तमिश्रित शेंबूड दिसला, तर घरगुती काढा न देतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.