वजन नियंत्रणासाठी नियोजित आहार : मोजमाप ताटाचे

ट्रॅक्टर, मळणी यंत्र आणि ठिबक सिंचन यांमुळे शेतीतील शारीरिक कष्ट कमी झाले. मात्र ताटातील भात-भाकरीचे प्रमाण अनेक घरांत पूर्वीइतकेच राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आहेत. पुरुषांमध्ये कमरेचा घेर ९० सेंमी व स्त्रियांमध्ये ८० सेंमीपेक्षा अधिक असल्यास मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो.

धान्य बदलणे पुरेसे नाही

गव्हाऐवजी ज्वारी किंवा नाचणी खाल्ल्याने वजन आपोआप उतरते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या प्रत्येक १०० ग्रॅममधून सुमारे ३२० ते ३६० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. भरड धान्यांतील तंतुमय पदार्थांमुळे पोट अधिक काळ भरलेले राहते, हा त्यांचा खरा लाभ होय. वजन घटते ते प्रमाण मोजल्यामुळे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा. दर आठवड्यास सुमारे अर्धा किलो वजन कमी होणे सुरक्षित मानले जाते. त्यासाठी दैनंदिन गरजेपेक्षा साधारण ५०० किलोकॅलरी कमी घ्याव्या लागतात.

एका दिवसाचा आराखडा

ज्यांची दैनंदिन गरज सुमारे २००० किलोकॅलरी आहे, त्यांच्यासाठी १५०० किलोकॅलरींचे नियोजन पुढीलप्रमाणे करता येईल. धान्य व डाळींची वजने कच्च्या स्वरूपातील आहेत.

- सकाळी : ४० ग्रॅम पिठाचे थालीपीठ किंवा धिरडे, २५ ग्रॅम मुगाची उसळ, १५० मिलि दूध.
- मधल्या वेळी : १०० ग्रॅम पेरू, पपई अथवा हंगामी फळ.
- दुपारी : ७० ग्रॅम पिठाची भाकरी किंवा तेवढ्याच तांदळाचा भात, ३० ग्रॅम डाळीचे वरण, २५० ग्रॅम भाजी व कोशिंबीर.
- सायंकाळी : २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे.
- रात्री : ६० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, १५० ते २०० ग्रॅम भाजी, १५० मिलि दुधाचे दही किंवा ताक.

दिवसभराच्या स्वयंपाकात प्रत्येकी २० ग्रॅम, म्हणजे चार लहान चमचे तेल वापरावे. पूर्वेकडील भातप्रधान किंवा वायव्येकडील गहू-बाजरीप्रधान प्रदेशांत धान्य स्थानिक ठेवावे, प्रमाण तेच राखावे.

तेलाचा हिशेब

एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच पिष्टमय पदार्थांतून किंवा प्रथिनांतून ४. चार प्रौढांच्या कुटुंबास प्रतिदिन प्रत्येकी २० ग्रॅमप्रमाणे महिन्याला २.४ किलो तेल पुरते. महिन्याच्या प्रारंभी एवढेच तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवल्यास नियंत्रण सुलभ होते.

हंगाम आणि दक्षता

कापणी, लावणी अशा कष्टाच्या दिवसांत ऊर्जेची गरज वाढते. त्या काळात धान्य व डाळीचे प्रमाण वाढवावे आणि काम कमी होताच पूर्ववत करावे. जेवण पूर्णतः टाळू नये. प्रतिदिन १००० किलोकॅलरींपेक्षा कमी आहार घेऊ नये. त्यामुळे स्नायूंची झीज होते. गर्भवती व स्तनदा माता आणि वाढत्या वयातील मुलांनी हा आराखडा अनुसरू नये. मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते; त्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर करून नोंदवावे. चार आठवड्यांच्या नोंदी पाहूनच धान्य व तेलाच्या प्रमाणात फेरबदल करावा.