घरच्या संगणकाची नाडीपरीक्षा

घरांतील नळ गळूं लागला तर तो कोठें गळतो हें डोळ्यांना दिसतें. सायकलची साखळी निसटली तर ती हातानें बसवितां येते. परंतु टेबलाखालचा संगणक चालतां चालतां एकाएकीं बंद पडला, अथवा सकाळीं बटण दाबल्यावर पंखा फिरूनही पडदा काळाच राहिला, म्हणजे भल्याभल्यांची मति कुंठित होते. शेजारी एक सांगतात, दुकानदार दुसरें सांगतो, आणि चाट मात्र पालकांच्या खिशाला बसते. हें दुखणें घरच्या घरीं कसें ओळखावें तें येथें सांगावयाचें आहे. त्यांत माझी स्वतःची एक चूकही सांगणें प्राप्त आहे.

बटण दाबल्यावर काय घडतें तें प्रथम पाहूं. भिंतींतील २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नांवाच्या पेटींत जाते, व तेथून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह बाहेर पडतो. हे दाब स्थिर झाले म्हणजे ती पेटी मदरबोर्डाला तशी खूण पाठविते. तोंपर्यंत प्रोसेसर जागचा हालत नाहीं. नंतर तो मदरबोर्डावरील एका चिपेंत लिहून ठेविलेल्या आज्ञा वाचूं लागतो. पूर्वी ह्या आज्ञांच्या संचाला बायॉस म्हणत, हल्लीं बहुधा यूईएफआय असतो. त्याचें पहिलें काम आत्मपरीक्षणाचें: रॅम आहे काय, चित्र दाखविणारा भाग आहे काय, डिस्क आहे काय. हें सर्व यथास्थित असेल तरच डिस्कवरील विंडोज अथवा लिनक्स ह्यांची पाळी येते.

ही परंपरा ध्यानांत आली म्हणजे गाडी कोणत्या स्थानकावर अडली हें ओळखतां येतें. पंखाही फिरत नसेल तर प्लग, तार किंवा एसएमपीएस पाहावी. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर रॅमची पट्टी खांचेंत सैल झाली आहे काय, मॉनिटरची तार नीट बसली आहे काय, हें आधीं पाहावें. कित्येक यंत्रें अशा वेळीं शिट्या वाजवितात. त्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो, म्हणून मदरबोर्डाबरोबरची पुस्तिका रद्दींत घालूं नये. कंपनीचें चिन्ह उमटून यंत्र तेथेंच थांबलें, तर दोष बहुधा डिस्कचा किंवा तिच्यावरील प्रणालीचा. आणि रोज सकाळीं तारीख मागें गेलेली दिसत असेल, तर रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल बदलला कीं काम भागतें. त्याचा क्रमांक बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ असा असतो.

खरी कसोटी लागते ती मधूनच बंद पडणाऱ्या यंत्रापाशीं. तें केव्हां बंद पडतें हें आठ दिवस वहींत टिपून ठेवावें. ही वही पुष्कळ उपकरणांहून अधिक उपयोगी आहे. खेळ किंवा व्हिडिओ चालू असतां बंद पडत असेल तर उष्णता अथवा वीज ह्यांचा संशय घ्यावा. पुष्कळसे प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरांत पोहोंचले म्हणजे आपली गति कमी करतात, व त्याहूनही तापल्यास स्वसंरक्षणार्थ बंद होतात. स्वयंपाकघरांत मिक्सर सुरू होतांच बंद पडत असेल तर घरची वीज व एसएमपीएस तपासावी. नवें सॉफ्टवेअर घातल्यापासून त्रास असेल तर तें काढून पाहावें. परंतु वेळी-अवेळीं, दर खेपेस निराळा संदेश देऊन यंत्र पडत असेल, तर रॅम.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्यें अशा वेळीं क्रमांक ४१ ची नोंद सांपडते. पुष्कळ लोक हेंच कारण समजतात. वस्तुतः यंत्र रीतसर बंद न होतां थांबलें, एवढाच तिचा अर्थ. हा पंचनामा आहे, न्यायनिवाडा नव्हे.

आतां माझी गोष्ट. आमच्या घरचा जुना संगणक एका पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां, मग रोज बंद पडूं लागला. उघडून पाहतों तों प्रोसेसरवरील पंख्याखालीं धुळीचा नमदा बसलेला. तो ब्रशानें काढला. दोन दिवस यंत्र सुरळीत चाललें, आणि मी घरांत थोडी प्रौढीही मिरविली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच! दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला." मला तें पटेना. विंडोजच पुन्हां घालावी असें ठरवून, त्याच यंत्रावरून घरचीं सर्व छायाचित्रें मीं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलीं, आणि आंतली डिस्क पुसून टाकली. विंडोज घालतांना फाइल खराब असल्याचा संदेश दोनदां आला. तेथेंच मीं शहाणें व्हावयाचें होतें.

शेवटीं माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें मार्ग दाखविला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकीं एकेकच ठेवून, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम त्यानें रात्रभर चालविण्यास सांगितलें. ख्रिस ब्रेडी ह्यांनीं तो १९९४ सालीं प्रथम लिहिला. स्मृतींतील प्रत्येक घरांत ठराविक आंकडे लिहावयाचे, परत वाचावयाचे, व जुळतात कीं नाहीं तें पाहावयाचें, अशी त्याची रीत. पहिली पट्टी निर्दोष निघाली. दुसरीच्या वेळीं पडदा तांबड्या ओळींनीं भरून गेला. ती काढल्यापासून यंत्र आजतागायत चालू आहे. मदरबोर्डाला कांहींच झालें नव्हतें.

परंतु छायाचित्रें उघडलीं तेव्हां कित्येक अर्ध्यापासून खालीं करडीं पडलेलीं आढळलीं. एका डिस्कवरून दुसरीवर जाणारी प्रत्येक फाइल वाटेंत रॅममधून जाते. तेथें एक आंकडा बिघडला कीं तो बिघाड नव्या प्रतींत मुकाट्यानें उतरतो, व संगणक "काम पूर्ण झालें" असेंच म्हणतो. माझ्या आईचें ओसरीवर तांदूळ पाखडतांनाचें एकच छायाचित्र आमच्याजवळ होतें. त्यांत आतां दाराची चौकट, तिचे केस व कपाळ एवढेंच उरलें आहे. सूप आणि हात गेले.

म्हणून पालकांस विनंती कीं, यंत्र आजारी दिसतांच त्याच्याकडून कांहींही उतरवून घेऊं नये. डिस्क काढून दुसऱ्या निरोगी संगणकाला जोडावी, प्रत तेथें घ्यावी, आणि चार फाइली उघडून पाहाव्या. मगच पुढील उपाय.

वर्षाकाठीं एखादे वेळीं यंत्र थबकलें तर मात्र घाबरूं नये. चिपांच्या वेष्टनांतील अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणारे अल्फा कणही स्मृतींतील अंक पालटूं शकतात, असें इंटेल कंपनींतील मे व वुड्स ह्यांनीं १९७९ च्या निबंधांत दाखविलें होतें.

पेटी उघडण्यापूर्वीं प्लग काढावा, सुरू करण्याचें बटण कांहीं वेळ दाबून धरावें, व अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. मदरबोर्डावरील लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर माथ्याशीं फुगले आहेत काय तेंही पाहावें. ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सदोष द्रवामुळें असे पुष्कळ फुगले. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्यांत जीवघेणा विद्युत्संचय राहूं शकतो.

ती सदोष पट्टी मीं टाकलेली नाहीं. ज्यांना तांबड्या ओळी प्रत्यक्ष पाहावयाच्या असतील त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत यावें. येतांना एक रिकामा पेन ड्राइव्ह आणावा.