इंधन वाचविणारी मोटार : वजन आणि वारा यांचा हिशेब

एप्रिल २००२ मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथून हांबुर्गकडे एक आगळ्या आकाराची मोटार निघाली. गाडी अरुंद, बुटकी आणि मागे निमुळती होत गेलेली होती. आसने केवळ दोन, आणि तीही शेजारी नसून एकामागे एक. ती चालवीत होते फोक्सवॅगन कंपनीचे तत्कालीन प्रमुख फर्डिनांड पिएख. प्रवास संपला तेव्हा इंधनाचा सरासरी खप दर शंभर किलोमीटरला ०.८९ लिटर, म्हणजे लिटरमागे सुमारे ११२ किलोमीटर इतका भरला. हा आकडा दुचाकीलाही सहसा साधत नाही. चार चाकांच्या बंदिस्त गाडीला तो कसा साधला आणि एवढे साधूनही अशा गाड्या रस्तोरस्ती का दिसत नाहीत, हे दोन्ही प्रश्न अभ्यासण्यासारखे आहेत.

इंधन कोठे खर्च होते?

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून व रेडिएटरमधून वाया जातो. नेहमीच्या वापरात पेट्रोल इंजिन साधारणतः चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचविते. ही शक्ती मुख्यतः तीन कामी खर्ची पडते : हवा बाजूला सारणे, टायर फिरते ठेवणे आणि थांबलेल्या गाडीला पुन्हा वेग देणे. चढ असल्यास वजन वर उचलण्याचे चौथे काम त्यात येते. हवा सारण्याचे काम गाडीच्या आकारावर, तर उरलेली कामे तिच्या वजनावर अवलंबून असतात.

उलट्या वाऱ्यात सायकल चालविणारा माणूस आपोआप पुढे वाकतो. त्यामागील तत्त्व हेच होय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते.

एक उदाहरण घेऊ. प्रवाशांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची सर्वसाधारण छोटी मोटार सपाट रस्त्यावर चालली आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाला टायरांचा विरोध सुमारे ११८ न्यूटन, तर हवेचा सुमारे ७८ न्यूटन असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला टायरांचा विरोध जवळजवळ तेवढाच राहतो. हवेचा मात्र ३११ न्यूटनपर्यंत चढतो. म्हणजे साठ-बासष्टच्या वेगापर्यंत वजनाचे पारडे जड असते आणि त्यापुढे वाऱ्याचे. शहरात वारंवार थांबावे लागते, तेथे वजनाचा भार आणखी वाढतो. हीच गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावर असताना ब्रेक लावून थांबविली आणि पुन्हा त्या वेगाला आणली, असे सत्तर वेळा केले, तर केवळ एवढ्यासाठी सुमारे एक लिटर पेट्रोल जळते.

आकाराची किमया

एखादा आकार हवेतून किती सहजपणे सरकतो हे दर्शविणाऱ्या आकड्यास वातरोध गुणांक म्हणतात. तो जितका लहान, तितका आकार चांगला. हवेचा एकूण विरोध ठरताना या गुणांकाला गाडीच्या समोरील क्षेत्रफळाने गुणावे लागते. म्हणून गाडी सुबक असण्याबरोबरच बुटकी व अरुंद असणेही हिताचे ठरते.

या विषयाचा विचार फार जुना आहे. एडमंड रुम्पलर यांनी १९२१ मध्ये थेंबाच्या आकाराची मोटार बर्लिन येथे प्रदर्शित केली. १९७९ मध्ये ती वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, तपासली असता तिचा गुणांक ०.२८ आढळला. अनेक आधुनिक गाड्यांनाही तो गाठता आलेला नाही. सर्वसाधारण समज असा की, गाडीचे नाक टोकदार असले म्हणजे झाले. वस्तुतः हवा मागे कशी मिटते याला अधिक महत्त्व आहे. गाडीच्या मागे हवेचे भोवरे उठले की तेथे दाब कमी होतो आणि गाडी जणू मागे खेचली जाते. यासाठी शेपूट लांब व निमुळती हवी. परंतु लांब शेपटीची गाडी वापरण्यास गैरसोयीची. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याच्या १९३० च्या दशकातील संशोधनातून यावर तोड निघाली. निमुळते होत जाणारे छत योग्य ठिकाणी सरळ कापून टाकले तरी बराचसा लाभ टिकून राहतो.

वजनाची साखळी

एके ठिकाणी वजन घटले की त्याचा लाभ साखळीप्रमाणे पुढे सरकतो. सांगाडा हलका झाला की त्याला ओढण्यास लहान इंजिन पुरते. लहान इंजिनाला लहान टाकी, लहान ब्रेक व हलक्या कमानी चालतात. आणि यामुळे सांगाडा आणखी हलका करता येतो. पिएख यांनी चालविलेल्या गाडीत मॅग्नेशियमचा सांगाडा व कार्बन तंतूंचे आवरण होते. तिचे वजन अवघे २९० किलोग्रॅम असल्याने एका सिलिंडरचे, साडेआठ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन तिला पुरले. तिचा वातरोध गुणांक ०.१५९ इतका कमी होता.

हलकी गाडी म्हणजे कमकुवत गाडी असे मात्र नव्हे. कार्बन तंतूंचा सांगाडा वजनाच्या मानाने अतिशय बळकट असतो. तथापि हलक्या व जड गाडीची टक्कर झाल्यास हलक्या गाडीतील प्रवाशांना अधिक मोठा धक्का बसतो, हे सत्यही अभिकल्पकाला विसरता येत नाही.

प्रयोगशाळेतून रस्त्यावर

या प्रयोगाचे पुढील रूप म्हणजे २०१३ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात मांडलेली एक्सएल-१ ही गाडी. तिच्यात दोन आसने शेजारी, पण एक किंचित मागे ठेवलेले होते. त्यामुळे रुंदी आटोक्यात राहिली. मागील चाके झाकलेली, टायर अरुंद आणि बाहेर आलेल्या आरशांच्या जागी छोटे कॅमेरे होते. वजन ७९५ किलोग्रॅम व गुणांक ०.१८९. ताशी १०० किलोमीटर वेग राखण्यास तिला सुमारे साडेआठ अश्वशक्ती पुरत असे. वरील उदाहरणातील मोटारीला सुमारे १६ लागतात. अधिकृत चाचणीत तिचा खप शंभर किलोमीटरला ०.९ लिटर ठरला. मात्र या चाचणीत बाहेरून भारित केलेल्या विद्युत्‌घटाचे साहाय्य धरलेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिची किंमत एक लाख युरोहून अधिक होती आणि अवघ्या २५० गाड्या बांधण्याचे ठरविण्यात आले. खरा पेच येथेच आहे. इतक्या थोड्या गाड्यांनी वाचविलेले इंधन देशाच्या हिशेबात दिसतही नाही. त्याआधी ऑडी कंपनीने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची ए-२ ही मोटार बाजारात आणली होती. तिच्या सर्वांत काटकसरी प्रकाराचा गुणांक ०.२५ आणि खप शंभर किलोमीटरला सुमारे तीन लिटर होता. ती कुटुंबाला वापरण्याजोगी होती. परंतु तीही महागच पडली आणि २००५ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. पत्रा कोणत्याही आकारात वाकविला तरी त्याची किंमत फारशी बदलत नाही. सुबक आकार हा मुख्यतः अभ्यासाचा खर्च होय. वजन घटविण्यासाठी मात्र प्रत्येक गाडीमागे महाग द्रव्य व वेळ लागतो. म्हणून सर्वसामान्यांच्या मोटारीत आधी आकार सुधारावा, अनावश्यक आकारमान व साजसामान टाळावे आणि महाग द्रव्ये जेथे साखळीचा लाभ सर्वाधिक तेथेच वापरावीत, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. विजेवरील मोटारींनाही हा हिशेब चुकत नाही. थांबताना काही ऊर्जा परत मिळविता येत असल्याने त्यांचा वजनाचा दंड कमी होतो. हवेत गेलेली ऊर्जा मात्र परत येत नाही.

आपल्या हाती काय आहे?

भारतात मोटारींच्या इंधनखपाविषयीचे मानदंड २०१७ पासून अमलात आले, आणि पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. परंतु कारखान्यात केलेली काटकसर रस्त्यावर टिकविणे चालकाच्याच हाती असते. वरील उदाहरणातील गाडीचा वेग १०० वरून ८० वर आणला की एकूण विरोध सुमारे एक-चतुर्थांशाने घटतो. रिकामे कॅरिअर टपावरून उतरविणे, टायरमध्ये योग्य हवा राखणे, मागे पडून राहिलेले सामान काढून ठेवणे आणि पुढील अडथळा पाहून वेळीच वेग कमी करणे, या गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. कार्यालयाचे वाहन असो वा शाळेची सहल नेणारी गाडी, वजन आणि वारा यांचा हिशेब दोघांनाही सारखाच लागू आहे.